विमानाच्या पोटावरचं तेल

साल दोन हजार चार. माझं वय सदुसष्ट, शाळेच्या दाखल्यावर पासष्ट. दाखला चुकीचा आहे, मी नाही. वडिलांनी मास्तरला अंदाजाने जे सांगितलं ते मास्तरने लिहिलं. शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीचा निकाल बघायला मी गेलो नाही, त्यामुळे पास झालो की नापास ते मला आजही ठाऊक नाही, आणि कुणी नापास म्हटलं तर मी मानत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेने जाऊन डाव्या हाताला चढणीवर. पोटासाठी मी मुंबईला गेलो आणि एका फ्लाइंग क्लबात तेहतीस वर्षं हँगरमध्ये हेल्पर म्हणून राबलो. हँगर म्हणजे विमानांचा गोठा, दुसरं काय. तिथलं एक विमान माझ्याकडे असायचं. दोन सीटांचं, पंख डोक्यावर, पांढरं आणि कमरेला तांबडा पट्टा. नवीन पोरं त्याच्यावर उडायला शिकायची. सकाळी ते बाहेर ढकलायचं, पुसायचं, चाकांची हवा बघायची, पंखातून थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून तळाला पाण्याचा थेंब बसलाय का ते उजेडात धरून बघायचं. सगळं बघून झालं की रजिस्टरात सही. सही करायला मी तिथेच शिकलो. आणि तेहतीस वर्षांत न बघता एकही सही केली नाही. एकदा घाई होती, साहेब म्हणाले, "कर रे सही, काल तर बघितलंस." मी पेन टेबलावर ठेवलं आणि ग्लास घेऊन पंखाखाली गेलो. पेट्रोलात पाणी नव्हतं. पण ते मी बघितल्यावर नव्हतं.

तोंडाचं मात्र तसं नाही. तोंडाने माणूस कधी कधी भलतंच बोलून जातो.

नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. गणपतीत गावी आलो होतो. अंगणात पाच-पंचवीस माणसं. माझा थोरला भाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आमचा धाकटा विमानाची धूळ झाडतो. झाडू तेवढा विलायती हाय." लोक हसले. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा वाटत होती. तिला बहुतेक माझी कीव आली. म्हणाली, "पण भावजी, कंदी बसलाव का नाय तुमी त्यात?"

मी म्हणालो, "बसलो म्हंजे? आपल्या वाडीवरून गेलो गेल्या म्हयन्यात. तुझं तांबडं लुगडं गवताच्या वळईवर वाळत व्हतं."

भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लुगडं मी त्याच दिवशी चढण चढून येताना पाहिलं होतं.

त्या दिवसापासून वाडी मला पायलट म्हणते. पोरंटोरं पायलट आजा म्हणतात. आणि वहिनी विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून वर हात करायची. मी मुंबईला असताना करायची, मी निवृत्त होऊन गावी आलो तरी सवय सुटली नाही. भाऊ गेला, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आता ती आवाजाच्या दिशेला हात करते. मी बाजूला बसलेलो असलो तर मान खाली घालून विडी पेटवत बसतो.

आता सुनेचं सांगतो. मुलगा मालवाहू बोटीवर फिटर, नऊ-नऊ महिने बाहेर. सून महाडला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते, सकाळच्या एसटीने जाते आणि दिवेलागणीच्या आधी परत येते. घरात माजघरात तिचा कॉम्प्युटर. वीज गेली की त्याच्यावर फडकं टाकायचं आणि आली की पहिलं फडकं काढायचं, देवाला झाकावं तसं. त्यात विमान उडवायचा एक खेळ होता. खेळ म्हटलं की तिला राग यायचा. ती म्हणायची, जगात हजारो माणसं या खेळासाठी घरी बसून विमानं तयार करतात, खऱ्यासारखी व्हावीत म्हणून एकेका स्क्रूवर भांडतात आणि तयार झालेलं विमान फुकट वाटतात. मी म्हटलं, फुकट वाटतात म्हणजे शहाणी असणार नाहीत.

एका रविवारी तिने मला बोलावलं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

"मामा, या इकडे. डोळे मिटा. आता उघडा."

पडद्यावर माझं विमान उभं होतं. ट्रंकेत माझा एक जुना फोटो आहे, विमानाच्या पंखाच्या तिरक्या दांडीला हात लावून उभा असलेला. तो काढून, त्यावर बघून तिने खेळातल्या विमानाला रंग दिला होता. पांढरं अंग, तांबडा पट्टा, शेपटीवर तोच नंबर.

मी चष्मा लावला. पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हटलं, "माझं नाय हे."

"का हो? पट्टा तोच, नंबर तोच."

"पोट दाखव."

तिने माउसने ते कलतं केलं. पोट कसं, बारशाच्या दिवशी पोराला न्हाऊ घालून ठेवावं तसं.

"हे काय पोट हाय? इंजिन तेल थुंकतं बाय. थुंकलेलं तेल वाऱ्याने पोटावरनं मागं जातं. काळा ओघळ असतो तिथं. रोज पुसला तरी दुसऱ्या दिवशी हाय."

"अजून?"

"नाक ताठ हाय. पुढच्या चाकाचा दांडा बसका कर. म्हातारं हाय ते, बोहल्यावर उभं नाय ऱ्हायलेलं. आन् डावं चाक जास्त झिजलेलं पायजे. शिकणारी पोरं डावाच ब्रेक दाबायची."

तिने वही ओढली आणि लिहून घ्यायला लागली. मला वाटलं होतं तिला राग येईल. दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरली ती म्हणतच उतरली, "मामा, दरवाजा कसा लागायचा ते राहिलं."

असे चार महिने गेले. ती परत आली, चहा झाला, की आम्ही माजघरात. मी सांगायचो, ती करायची. थंडीच्या सकाळी इंजिन पहिल्या झटक्याला धरायचं नाही, दुसऱ्याला धरायचं आणि धरताना एकदा ठसकायचं. तो ठसका बसवायला तिला आठ दिवस लागले. उजव्या सीटच्या मागचा कापडी खिसा फाटलेला होता, तो फाटका केला. ती म्हणाली, "मामा, हा कोण बघणार आहे?" मी म्हटलं, "मी बघीन ना." तयार झालं की फ्लॉपीत घालून ती ते महाडला न्यायची, तिथून इंटरनेटवर टाकायची. मग त्या हजारो माणसांतली दहा-पाच माणसं लिहायची की ही बाई कोण, हिला हे सगळं ठाऊक कसं.

शिट्टीची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. विमानाचा वेग फार कमी झाला की पंख हवा सोडतात आणि विमान खाली पडायला लागतं. पडायच्या आधी पायलटला कळावं म्हणून आमच्या विमानाच्या डाव्या पंखाच्या धारेला एक भोक होतं आणि आत पिपाणीसारखी पट्टी. वेग कमी झाला की भोकातून हवा ओढली जाऊन ती रडायची. रोज सकाळी ती तपासायची माझी रीत होती. भोकावर रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा आत ओढायची. तेहतीस वर्षं मी त्या पंखाचा मुका घेतला म्हणा ना. खेळातली शिट्टी मात्र दारावरच्या बेलसारखी टीं टीं करत होती. मी परसात गेलो, माडाच्या पातीची पिपाणी केली, बारीक करत करत जमवली आणि तिच्या माइकसमोर वाजवली. पहिली बकरीसारखी वाजली. सून तोंडाला पदर लावून हसली. सातवी बरोबर वाजली. तीच अजून त्या विमानात आहे.

मग एक दिवस तिने विचारलं, "मामा, शिट्टी झाली. आता पडताना विमान काय करतं ते सांगा. नाक आधी खाली जातं की पंख? तुम्ही बसलायत त्यात, म्हणून तुम्हाला विचारते."

तिथे मी सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, "गरीब हाय ते. गाय बसते ना, पुढचे गुडघे टेकून? तसं नाक खाली घालतं. इकडं नाय, तिकडं नाय. सरळ."

तिने वहीत गाय लिहिली आणि तसंच करून टाकलं.

चैत्र लागला होता. दूरच्या एका शहरात विमान शिकवणारी एक शाळा होती, तिथल्या मास्तरचं पत्र तिला कॉम्प्युटरवर आलं. त्यांच्याकडे याच जातीची जुनी विमानं होती. नवीन पोरांना खऱ्या विमानात बसवण्याआधी आठवडाभर या विमानावर हात बसवायला द्यायचा त्यांचा विचार होता. त्यात मुख्य म्हणजे पडणं आणि पडण्यातून सावरणं. त्यांनी एकच विचारलं होतं, या विमानाचं पडतानाचं वागणं कुणाच्या अनुभवावरून घेतलं आहे, ते लिहून द्या.

सुनेने इंग्रजीत कागद तयार केला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मला मराठीत वाचून दाखवला. ती खुशीत होती. चार महिन्यांच्या कामाला कुणीतरी काम म्हटलं होतं. क्लासातही तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

"ऐका. 'या विमानाच्या वागण्याची माहिती माझ्या सासऱ्यांनी दिली. त्यांनी या विमानातून अनेकदा उड्डाण केलं आहे.' बरोबर? मग इथे खाली सही करा. उद्या क्लासात स्कॅन करून पाठवते."

तिने पेन दिलं. मी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं.

आणि हात थांबला. अंगणात पंचवीस माणसांसमोर जे सहज बोलून गेलो ते कागदावर येईना. मला ती पोरं दिसायला लागली. आमच्या क्लबात शिकायची तसलीच, अठरा-वीस वर्षांची, पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येणारी. ती आठवडाभर गाय बसवणार आणि मग खऱ्या विमानात जाणार. त्यांच्या रजिस्टरात खाली माझी सही.

"पेन चालत नाही का मामा?"

"पेन चालतं. सही चालत नाय."

"म्हणजे?"

"मी बसलोच नाय त्यात."

"कशात?"

"विमानात. जमिनीवर बसलो, सीट पुसायला. हवेत एकदा पण नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळी वाडी तुम्हाला पायलट…"

"वाडीला मीच सांगितलं."

"आणि गाय?"

"ती माझ्या मनची."

तिने वही मिटली, उठली आणि परसात जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. दोन साड्या आणि माझं धोतर, पण तिला केवढा तरी वेळ लागला. मी मांडीवर कागद घेऊन तसाच बसलो. चुकलो म्हणायला मला येत नाही, कधी आलं नाही. पण उठून पडवीतही गेलो नाही. तेवढं माझ्याच्याने झालं.

ती आली ती कपड्यांचा भारा छातीशी धरूनच दारात उभी राहिली. "का नाही बसलात? तेहतीस वर्षांत कुणी बसवलं नाही?"

"एकदा साहेब म्हनाले, ये, बस, एक फेरी मारून आणतो. मी म्हटलं, कामं पडलीत. कामं नव्हती. भ्या वाटलं."

"तुम्हाला?"

"मी त्याचा एकूण एक स्क्रू बघितलेला बाय. ज्याने बघितला नसतो तो बिनघोर बसतो."

तिला हसू आलं. आणायचं नव्हतं, पण आलं. कपडे खाटेवर टाकून ती समोर बसली. "बरं. हवेतलं जाऊ दे. तुम्हाला जमिनीवरून जेवढं खरं ठाऊक आहे तेवढंच सांगा. पडताना ते सरळ पडायचं का?"

हे सांगणं मला, विमानात बसलो नाही हे सांगण्यापेक्षा जड गेलं. एकदा एका पोराने विमान जोरात आपटलं आणि डावा पंख दुखावला. तो आम्ही हँगरमध्येच बांधला. रिव्हेट ठोकताना पलीकडून लोखंड दाबून धरावं लागतं, ते मी धरलं होतं. इंजिनिअरने मापं घेतली, नियमात बसली, सही झाली. पण त्यानंतर पोटावरचं तेल वेगळं दिसायला लागलं. आधी ओघळ नाकापासून शेपटीकडे सरळ जायचा. आता तो उजवीकडे तिरका जायला लागला. मी रोज पुसायचो आणि रोज तिरकाच. तेल खोटं बोलत नाही. म्हणजे विमान हवेत सरळ जात नव्हतं. डावं अंग जड, डावीकडे घसरत चाललेलं, वारा डावीकडून लागतोय, म्हणून तेल उजवीकडे. उतरलेली पोरं घाम पुसत म्हणायची, हे पडताना डावा खांदा टाकतं. मी त्यांना म्हणायचो, तुमचाच पाय नीट नाही. त्या पंखात माझा हात होता. त्याला नाव ठेवलेलं मला खपत नव्हतं. म्हणून सुनेलाही गाय सांगितली.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मामा, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायचं सोडून मला फाटका खिसा सांगत बसलात!"

मी म्हटलं, "खिसा खरा हाय."

तिने कॉम्प्युटर लावला. विमान कसं वागणार त्याची आकड्यांची एक फाइल असते. तिने डाव्या पंखाच्या टोकाजवळ एक न दिसणारं वजन ठेवलं आणि शेपटीला जरा कल दिला. उडवून बघितलं, फार झालं. वजन कमी केलं. पुन्हा उडवलं. तिसऱ्या वेळी तिने उंच नेऊन इंजिन मंद केलं, नाक वर धरून ठेवलं, वेग उतरत गेला. माझी पिपाणी रडायला लागली. आणि एकदम डावा पंख खाली गेला, सगळी जमीन पडद्यावर आडवी झाली. मी खाटेची कड घट्ट धरली.

"मामा? हेच का?"

"हेच," मी म्हटलं. "पोरं खरं बोलत व्हती."

मग तिने पोटावरचा ओघळही पुसून तिरका काढला. उजवीकडे किती ते मी बोट ठेवून दाखवलं.

कागद नवीन झाला. तिने वाचला: 'माझे सासरे या विमानात कधीही उडालेले नाहीत. त्यांनी तेहतीस वर्षं रोज सकाळी ते तपासलं आहे. खालील माहिती त्यांनी जमिनीवरून पाहिलेली आहे. मूळ विमानाचा डावा पंख दुरुस्त केलेला होता.' मी दोनदा वाचून घेतला. मग सही केली, पूर्ण नावाने, रजिस्टरात करायचो तशी.

शाळा विमान घेईल की नाही ते आम्हाला ठाऊक नव्हतं. कागदाची घडी घालताना ती सहज म्हणाली, "आणि थोरल्या आत्या?" वहिनीला ती आत्या म्हणते. "त्या अजून वर हात करतात."

मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कागद घेऊन एसटीला गेली आणि मी वहिनीच्या घरी गेलो. ती पडवीत सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. दिसत नव्हतंच, बोटांनी चाचपून निवडत होती.

"कोन, भावजी? एवढ्या सकाळी?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. विमानात कधी बसलो नाही. वाडीवरून कधी गेलो नाही. लुगडं चढण चढताना बघितलं होतं.

तिचा हात सुपात थांबला. खाली गोठ्यात बकऱ्या ओरडत होत्या.

"मंग मी इतकी वर्सं कुनाला हात करत व्हते रे?"

वहिनी मला आजवर कधी अरेतुरे बोलली नव्हती. मी म्हटलं, "ठावं नाय. जो कोन असंल तेला."

"दुसऱ्या कुनाला सांगितलंस?"

"सुनेला. आता तुला."

"वाडीला तूच सांगायचं. मी नाय सांगायची." तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "बस हितं. वरून माझं लुगडं दिसत व्हतं ना तुला? मंग सुपातलं खडं बी दिसतील. निवड."

मी चष्मा पुसला, सूप उजेडाकडे धरलं आणि निवडायला बसलो.